आप्पा चोपदारांचा रिकामा रेडा

"ह्यात हुकूम कुठला?" आक्कांनी पत्ते हातात पसरत विचारलं.

"हुकूम नसतो यात, आक्का."

"बदाम?"

"बदाम पण नाही."

"हुकूम न्हाई, बदाम न्हाई. राजा-राणी हाईत ती बी गोऱ्याची. मग खेळायचं कसं?"

"खेळायचे नाहीतच हे. यावरनं भविष्य बघतात. मनात एक प्रश्न धरायचा, पत्ते पिसायचे आणि एक काढायचा. जे चित्र निघेल त्यावरनं पुढचं सांगतात."

आक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "पोपटवाला करतोय तसं."

"तसंच. फक्त यात पोपट नसतो."

"मग पत्ता काढतंय कोण?"

"आपणच काढायचा."

"म्हंजे पोपट आपुनच," आक्का म्हणाल्या आणि एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी उठून तांब्या दिला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात लग्नपत्रिकांच्या एका छापखान्यात कामाला होते. नाव डिझायनर, काम काय तर कॉम्प्युटरवर गणपती इकडून उचलायचा आणि तिकडं बसवायचा. चित्रकलेचा डिप्लोमा केलेली बाई मी, पण हातात पेन्सिल धरून मला युगं लोटली होती. अशात एक दिवस पुण्याहून केतकीचा फोन आला. केतकी साठे, माझी कॉलेजातली मैत्रीण. चित्रं सोडून ती टॅरोकडं, म्हणजे या भविष्याच्या पत्त्यांकडं, वळली होती आणि पुण्यातल्या बायकांना पत्ते काढून त्यांचे नवरे कधी सुधारतील ते सांगत होती. तिचं म्हणणं, "अगं, ही परदेशी चित्रं बघून आमच्या बायका कंटाळल्यात. आपण आप्पा चोपदारांच्या चित्रांचे पत्ते काढू. मुख्य पत्ते बावीस असतात. तू डिझाइन कर, छापायचं मी बघते."

मी फोनवरच नाचले. आप्पा चोपदार म्हणजे आमच्याकडचं दैवत. त्यांच्या लक्ष्मीचं कॅलेंडर नाही असं दुकान मी लहानपणी बघितलं नव्हतं. राम, भीम, सुदामा, सगळ्यांची तोंडं आम्हाला आप्पांनी दाखवली. आप्पा जाऊन बराच काळ झाला होता. मूळ चित्रं होती त्यांच्या घरी, लाकडी पेट्यांत, आणि पेट्यांच्या किल्ल्या होत्या आक्कांच्या कमरेला. आक्का म्हणजे आप्पांच्या पत्नी, आनंदीबाई. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, दिवसभर सोप्यात लोखंडी कॉटवर बसून येईल त्याला बदाम सात खेळायला बसवणाऱ्या. हरलेल्याला चहा नाही, हा त्यांचा नियम.

"करा की," पाणी पिऊन आक्का म्हणाल्या. "चित्रं पेटीत पडून तर काय करायल्यात? पण माझी एक अट हाय."

"सांगा की."

"सगळी गल्ली पत्त्यात बसणार न्हवं? मग माझं बी तोंड पायजे त्यात. असंल तर घ्या चित्रं. नसंल तर पेटीला कुलूप."

"एवढंच ना!" मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आक्का गल्ली म्हणाल्या ते खरंच होतं. आप्पांची पद्धतच तशी होती. देव काढायचा तर समोर माणूस बसला पाहिजे, आणि माणूस गल्लीतलाच पाहिजे. त्यामुळं आमच्या गल्लीत देवांना देवाच्या नावानं कोणी ओळखतच नव्हतं. कॅलेंडर बघून लोक म्हणायचे, "ह्यात शेवंताचं नाक चांगलं आलंय." शेवंताकाकी म्हणजे लक्ष्मी, सरस्वती, दुर्गा, सावित्री, सगळं खातं त्यांच्याकडं. तालमीचे मारुती वस्ताद म्हणजे भीम, हनुमान आणि लागेल तो राक्षस. मुळे मास्तर हाडकुळे, म्हणून ते कायमचे सुदामा.

मग मी पेट्या उघडल्या आणि आक्कांना शोधायला लागले. देवी बघितल्या, गवळणी बघितल्या, रामाच्या मिरवणुकीतल्या मागच्या रांगेतल्या बायकासुद्धा भिंग लावून बघितल्या. शेवंताकाकी अकरा रूपांत सापडल्या. त्यांचा कुत्रा सापडला. वस्ताद तर जिथं तिथं. आक्का कुठंच नव्हत्या. बरं, फोटोवरनं काढून घालावं तर घरात फोटोही नाही. आप्पांना कॅमेरा उंबऱ्याच्या आत आलेला खपायचा नाही, लग्नाचासुद्धा फोटो नाही, हे त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं.

इकडं बातमी फुटली होती. आप्पांच्या चित्रांचे भविष्याचे पत्ते निघणार, आणि प्रत्येक पत्त्याला वेगळा अर्थ असतो म्हणे. झालं! दुसऱ्या दिवसापासनं आक्कांच्या सोप्यात दरबार भरायला लागला.

पहिल्या आल्या शेवंताकाकी, गुडघे धरत. "मी कशावर हाय गं?"

"तुम्ही सामर्थ्याच्या पत्त्यावर. सिंहावर बसलेल्या दुर्गेचं चित्र घेतलंय."

काकी खूश झाल्या, पण खरं बोलायची खोड जात नव्हती. "सिंह न्हवं बाई त्यो. आमचा मोत्या हाय. आप्पांनी नुसती आयाळ चिकटवली. शेपटी बघ की, वर वळलीया."

मी बघितलं. दुर्गेच्या सिंहाची शेपटी खरंच जिलबीसारखी वळलेली होती. महाराष्ट्रातली अर्धी घरं इतकी वर्षं मोत्याला नमस्कार करत होती.

मग मास्तरांचा मुलगा आला. बँकेत होता, त्यामुळं आवाज चढवूनच बोलायचा. "आमच्या वडिलांना तुम्ही मूर्ख म्हणून छापणार असं कळलं."

"अहो, टॅरोत मूर्ख हा वाईट पत्ता नाही. तो पहिला पत्ता. सगळं सोडून, खांद्यावर गाठोडं टाकून निघालेला मोकळा माणूस. म्हणून सुदामा घेतला."

"एवढा चांगला असेल तर तुमच्या वडिलांना करा."

शेवटी पत्त्यावर 'मूर्ख' न छापता 'वाटसरू' छापायचं ठरलं, तेव्हा तो चहा पिऊन गेला. केतकी फोनवर अर्धा तास ओरडली. मी म्हणाले, "तू ये इथं आणि सांग त्यांना. मी तुझी ओळख करून देते." तिनं फोन ठेवून दिला.

सगळ्यांत मोठं दुखणं वस्तादांचं. टॅरोत एक उलटा टांगलेला माणूस असतो. आप्पांनी त्रिशंकू काढलेला होता, आकाशात खाली डोकं वर पाय. आयतंच सापडलं म्हणून मी घेतला. तो त्रिशंकू म्हणजे मारुती वस्ताद.

"तुला ठाव हाय का पोरी," वस्ताद माझ्यासमोर उकिडवे बसून म्हणाले, "आप्पानं मला तालमीच्या तुळईला पायानं टांगला हुता. चित्र निम्मं झालं आन् दोर तुटला. डोक्यावर पडलो. तवापास्नं मला पाढं येत न्हाईत."

"त्याच्या आदी येत हुतं व्हय?" आक्का कॉटवरून म्हणाल्या.

"आक्का, तू गप. पोरी, माझ्या हाताखाली पोरं तयार झाली, फेटं बांधून घेतलं मी. आन् आता दुनियेनं मला उलटा बघायचा?"

"पत्ता उलटा निघाला की तुम्ही सुलटे दिसाल, वस्ताद," मी म्हणाले.

त्यांनी जरा विचार केला. "आसं व्हय? मग चालंल."

अशी एकेकाची समजूत काढत मी वीस-एकवीस पत्त्यांपर्यंत पोचले. पण आक्कांचं तोंड काही मिळेना. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, "घावले का मी?" आणि मी म्हणायची, "बघतेय." त्या हसायच्या, पण पुढची पानं वाटताना डोळे वर करायच्या नाहीत. आठवडा गेला तसं मला कळलं की ही म्हातारी गंमत करत नाहीये.

आणि मग एका दुपारी, छापखान्यात कॉम्प्युटरवर लक्ष्मी मोठी करून बघताना, मला दिसलं. लक्ष्मीची करंगळी वाकडी होती, बाहेरच्या बाजूला. आप्पांसारख्या माणसाची चूक? मी सरस्वती उघडली. वीणेवरची करंगळी वाकडी. राम उघडला, बाण ओढणारी करंगळी वाकडी. भीम उघडला. एवढं डोंगराएवढं धूड, गदा धरलेली, आणि मनगट बाईचं, करंगळी वाकडी! रोज ज्या हातातून मी चहाचा कप घेत होते, तोच हात. लहानपणी उखळात सापडून वाकडी झालेली आक्कांची करंगळी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

मी छापखान्यातनं पळतच सुटले. आक्का नेहमीच्या जागी, समोर वस्ताद हरत बसलेले.

"सापडलात!" मी धापा टाकत म्हणाले. "आक्का, तुम्ही एका चित्रात नाही, सगळ्या चित्रांत आहात. हात! सगळे हात तुमचे आहेत!"

मला वाटलं, आता म्हातारी रडणार, मला जवळ घेणार.

आक्कांनी पान टाकलं. "त्ये व्हय. मला ठाव हाय की."

"ठाऊक आहे?"

"आगं, उभी ऱ्हायले न्हवं का मी! माणसं घरला गेली की ह्यांची हाक यायची. 'अगं ए, जरा हात दे इकडं.' की निघाले मी पिठाचं हात पुसत. कमळ म्हणून वांगं धरलंय. गदा म्हणून मुसळ धरलंय. चक्र म्हणून पुरणाची चाळण बोटावर घिऊन अर्धा-अर्धा तास उभी. खाली आमटी करपून कोळसा व्हायची, आन् वर जेवताना म्हणायचं, आज चव न्हाई." त्यांनी करंगळी माझ्यापुढं धरली. "हाताचं नगं सांगू मला. मी तोंडाचं इचारलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, त्यातली माझी गत. मी मटकन खाली बसले. "तोंड नाहीये हो आक्का. सगळ्या पेट्या बघितल्या. खरंच नाहीये."

"ठाव हुतं मला," आक्का म्हणाल्या. पानं त्यांनी उपडी ठेवली. "तरी म्हटलं, पोरगी शिकल्याली हाय. कुठं कोपऱ्यात एकादं घावलं तर घावलं. चल, असूं दे. पेट्या लाव."

"पण त्यांनी कधीच का नाही..."

"दिसायला डावी मी. त्येला काय करणार? हळदीकुंकवाला बायका तोंडावर म्हणायच्या, चोपदारानं दुनियेला लक्ष्म्या वाटल्या, घरात बगा काय ठिवलंय. नवीन लगीन झालं तवा दोनदा बसवलं हुतं मला समोर. नवी साडी, नाकात नथ. खडू उचलला ह्यांनी, माझ्या तोंडाकडं बघितलं, आन् म्हणालं, ऱ्हाऊ दे, उजेड गेला." आक्कांनी पदर ओठाला लावला. "भर दुपारचं बारा वाजलं हुतं, बाई."

वस्तादांनी हातातली सगळी पानं कॉटवर टाकली.

"मला शपथ हाय," ते म्हणाले.

"कशाची?" आक्कांनी विचारलं.

"आप्पाची. जोतिबाच्या गुलालावर हात ठिवून घेतल्याली. पर शपथ घालणारा गेला, आन् मी बी किती दिवसांचा सोबती! पोरी, तू ती सावित्री बघितलीस न्हवं? रेड्याची?"

बघितली होती, आणि डोक्याला तापच झाला होता तो. बाविसातला एक पत्ता मृत्यूचा असतो, आणि आप्पांच्या पेट्यांत मृत्यू नव्हता. केतकी म्हणाली होती, सत्यवान-सावित्रीचं चित्र असेलच, त्यातला यम उचल. चित्र होतं. सत्यवान पडलेला, सावित्री हात जोडून उभी, समोर काळाभोर रेडा, एक नंबर काढलेला. आणि रेड्याच्या पाठीवर कोणीच नाही. सावित्री इतक्या आर्जवानं त्या रिकाम्या पाठीशी बोलत होती की बघणाऱ्याला वाटावं, बाई म्हशीचा भाव करतेय.

"गल्लीत सगळी म्हणतात, यम व्हायला कोण बसंना म्हणून रेडा रिकामा ऱ्हायला," वस्ताद म्हणाले. "खोटं हाय. मी बसलो हुतो. गवळ्याचा रेडा आणला, चढलो, मिशी काळी केली. आप्पानं रेडा काढला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, वस्ताद, उतर. म्हटलं, का? म्हणाला, यम काढला, आन् त्येला माझ्या घराची वाट कळली तर? मी हसलो. आप्पा हसला न्हाई."

"त्यांच्या आईचं..." आक्का हळूच म्हणाल्या.

"तेच. आईला समोर बसवून तिचं तोंड काढलं, आन् आठ दिसांत म्हातारी गेली. ती तापानं गेली. समद्यांनी सांगितलं त्येला. पर त्येच्या डोक्यात बसलं ते बसलं, आपुन घरातलं तोंड काढलं की माणूस ऱ्हात न्हाई. माझ्यापाशी रडला, मर्दा. म्हणाला, आनंदीला दोनदा समोर बसवली. तिच्या डोळ्याशी खडू नेला की हात कापतोय. आन् मला म्हणाला, हे तिला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. एवढं भीम-मारुती काढणारा गडी मी, खडूला भितोय म्हटल्यावर बायको काय म्हणंल?"

शेवंताकाकींचा सध्याचा कुत्रा उंबऱ्यात येऊन आमच्या तोंडाकडं बघून परत गेला.

"म्हंजे उजेड गेला न्हवता," आक्का म्हणाल्या.

"न्हाई."

"माझ्याकडं बघून खडू ठिवला, ते..."

"भ्यालेला त्यो, आक्का."

आक्कांनी ती वाकडी करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून जवळ सरकले, तर त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

"भित्रा हुता तर!" त्या म्हणाल्या. "आगं बाई, भित्रा हुता! जल्मभर मी आरशाला शिव्या दिल्या, आन् ह्यो मेला भित्रा हुता. माझ्यापायी भित्रा!" आणि वस्तादांना म्हणाल्या, "आन् तू रं मुडद्या? इतकी वर्सं माझ्या हातचा च्या पितोयास, आन् तोंड उघडाय हुत न्हाई तुला?"

"शपथ हुती की."

"घाल चुलीत ती शपथ."

मग पदरानं तोंड पुसून त्या माझ्याकडं वळल्या. आवाज एकदम कामाचा. "तुझा कुठला पत्ता ऱ्हायलाय म्हणालीस?"

"मृत्यूचा."

"त्यो निघाला की बाकीच्या पत्त्यांचं काय चालतंय?"

"तसं नसतं आक्का. केतकी म्हणते, मृत्यू म्हणजे मरण नाही, बदल. जुनं जाऊन नवं येणं."

"केतकीला म्हणावं, तू अजून ल्हान हाईस. मला एवढं सांग, राजावर निघाला तर राजा जातोय का न्हाई? राणीवर?"

"जातात."

"मग पैल्या दिवशी मी इचारलं तवा हुकूम न्हाई म्हणून का सांगितलंस? ह्योच की हुकूम!" आक्कांनी कॉटवर थाप मारली. "मला बसव त्या रेड्यावर."

"तुम्हाला?"

"रेडा त्यांचा, तोंड माझं. जल्मभर लपवून ठिवलं मला त्या यमापास्नं. आता म्या सोताच बसते त्येच्या जागंवर, बघू काय करतोय. काढ माझं चित्र."

"मी? आक्का, मला नाही जमणार. मी नुसती कापाकापी करते कॉम्प्युटरवर."

"डिप्लोमा कसला केलायस मग? शिवणकामाचा?"

दुसऱ्या दिवशी आक्का हिरवं नऊवारी नेसून, नाकात ती जुनी नथ घालून तयार. सोप्यात दोन गाद्यांवर लोड टाकला, त्यावर त्या पाय टाकून बसल्या. रेड्याच्या मानेचा अंदाज यावा म्हणून वस्ताद पुढं ओणवे झाले आणि शिंगं म्हणून त्यांनी डोक्याला दोन पळ्या धरल्या. शेवंताकाकी भिंतीला टेकून हसून हसून बेजार. "आक्का, तोंड जरा यमासारखं करा," त्या म्हणाल्या. आक्का म्हणाल्या, "यम काय रडत येतोय व्हय? त्येला काय दुक्क हाय?" आणि त्यांनी राहिलेले सगळे दात दाखवून जे हसू आणलं, तेच मी काढायला घेतलं.

पहिला तास हात दगडासारखा. मग सुटला. कपाळ आलं, नाक आलं, नथ आली, सुरकुत्या तर अशा भराभर आल्या की मलाच आश्चर्य वाटलं. डावी कसली! ते तोंड इतकं देखणं होतं की मला आप्पांची कीव आली.

राहिले डोळे. मी पेन्सिल उचलली, आक्कांच्या डोळ्यांत बघितलं, आणि माझ्या मनात आलं, खरंच काही झालं तर? ही बाई आठ दिवसांत गेली तर? मी शिकलेली, पोपटवाल्याला हसणारी. पण पेन्सिलीचं टोक कागदावर टेकेना.

"काय गं? का थांबलीस?" आक्कांनी विचारलं.

माझ्या तोंडून काय गेलं ते गेल्यावर मला कळलं. मी म्हणाले, "उजेड गेला, आक्का."

वस्तादांनी पळ्या खाली घेतल्या. शेवंताकाकी हसायच्या थांबल्या. दारातनं उन्हाचा एवढा लखलखीत पट्टा आत आला होता की फरशी तापली होती.

आक्का लोडावरून उतरल्या नाहीत. त्यांनी हात पुढं केला आणि त्या वाकड्या करंगळीनं माझी हनुवटी वर केली. "बाराचं ऊन हाय बाहीर," त्या म्हणाल्या. "एकानं भिऊन माझं तोंड ठिवलं. तू नगं ठिवू. घाल डोळं."

मी डोळे घातले.

पत्ते छापून आले तेव्हा केतकीनं पुण्याहून पहिला फोन मृत्यूच्या पत्त्यावरनं केला. "अगं, काय करून ठेवलंस! तो पत्ता निघाला की बायका घाबरायच्या, आता हसायला लागतात. एक तर म्हणाली, ही न्यायला येणार असेल तर मी आजच निघते." आक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं थांब जरा. रेड्यावर जागा एकाचीच हाय."

चित्र काढल्यावर आठ दिवस मी रोज सकाळी जीव मुठीत धरून त्यांच्या दारावरनं गेले होते. नवव्या दिवशी त्यांनी सोप्यातनं हाक मारली, "जित्ती हाय गं! ये, डाव टाकू." आणि पुढं कितीतरी वर्षं, मी दिसले की त्या तेच ओरडायच्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. आमच्याकडं माणूस गेलं की चौकात मोठा फलक लागतो, वर फोटो, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. तरुण मंडळाची पोरं फोटो मागायला आली आणि घरात फोटोच नाही. ओळखपत्रावर एक होता, त्यात आक्का कमी आणि पदर जास्त. पोरांनी माझ्याकडं बघितलं, मी वस्तादांकडं. नव्वदीला टेकलेले वस्ताद काठीवर रेलून म्हणाले, "हाय की फोटो. पत्त्यावर."

फलक मीच केला. वीस फूट उंच. आप्पांचा काळाभोर रेडा, त्यावर हिरव्या नऊवारीतल्या आक्का, नथ घालून, सगळ्या चौकाला हसत. फलकावर खाली गोलागोलात शोकाकुल मंडळींची तोंडं असतात, तीही मी आप्पांच्या चित्रांतनंच घेतली. शेवंताकाकींची लक्ष्मी, मास्तरांचा सुदामा, वस्तादांचा भीम. मोत्यासुद्धा, आयाळीसकट.

फलक चढवून झाला तेव्हा मी आणि वस्ताद खाली उभे होतो. बाहेरगावचा एक ट्रकवाला चौकात थांबला, काच खाली करून वर बघत राहिला. मग त्यानं हात जोडले आणि आम्हाला विचारलं, "मामा, ही कुठली देवी म्हणायची? आमच्याकडं न्हाई बघितली कधी."

वस्तादांनी डोळे पुसले. "नवीन हाय," ते म्हणाले. "आमच्या आप्पांच्या घरातली."